पाण्यातली पहिली पाच मिनिटे

शिरूरला जुनी माणसं अजूनही ‘घोडनदी’च म्हणतात. ज्या गावाला नदीनं आपलं नाव दिलं, त्या गावच्या मुलीला पाण्याची भीती वाटावी, ही तशी लाजिरवाणीच गोष्ट. पण खरं ते सांगितलं पाहिजे. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी पाण्यात तोंड बुडवलं नव्हतं. नदीत नाही, विहिरीत नाही, भरलेल्या बादलीतसुद्धा नाही. नळाखाली मान वाकवून केस धुताना डोळ्यांवर पाण्याचा पडदा आला, की माझा श्वास अडकायचा आणि मी चाचपडत टॉवेल शोधायची. वसतिगृहातल्या मैत्रिणी हसायच्या. त्यांना मी कधी कारण सांगितलं नाही. ते या लेखात प्रथमच सांगते आहे.

आमच्याकडं पाणी हा मोजण्याचा विषय आहे. पाटाला आवर्तन कधी सुटणार, चिंचणीच्या धरणात साठा किती उरला, विहिरीत किती परस पाणी आहे, बोअरला किती फुटांवर लागलं. चावडीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत बोलणं हेच. पाणी किती आहे, हे सगळे विचारतात. पाण्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्यापुरतं मात्र त्याचं उत्तर ठरून गेलेलं होतं. पाण्यात दादा होता.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. 2016 साली राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि आमच्या शिवारात तळी दिसू लागली. चुलत्यांनीही आमच्या रानात तळं खोदलं, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला, विहिरीचं पाणी उचलून त्यात साठवलं. पुढच्या उन्हाळ्यात, 2017 च्या मे महिन्यात, भर दुपारी मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलं म्हणून दादा तळ्यात उतरला. तो सोळा वर्षांचा, मी बारा. तो पट्टीचा पोहणारा. विहिरीच्या कठड्यावरून असा मुटका मारायचा, की पाणी वर मोटेच्या जुन्या दगडापर्यंत उडायचं.

‘चपला धर,’ एवढंच तो म्हणाला. मी बांधावर त्याच्या चपला हातात घेऊन उभी राहिले. पाइप मोकळा करून तो परत फिरला, काठाशी आला, कागदावर हात टेकला आणि घसरला. मला हसू आलं. तोही हसला. दुसऱ्यांदा घसरला. तिसऱ्यांदा घसरला. मग तो हसायचा थांबला. मी धावत सुटले. विहिरीपलीकडच्या उसात तात्या दारं धरत होते. मधे दोन वावरांचं अंतर. आम्ही परत आलो तेव्हा पाणी अगदी सपाट होतं. माझ्या हातात चपला तशाच होत्या.

गावानं एका वाक्यात निकाल दिला: ‘पाणी ओढतं.’ एवढा पोहणारा पोरगा जातो, म्हणजे पाण्यानंच ओढला. आईनं त्या दिवसापासून मला पाण्याकडं फिरकू दिलं नाही. विहिरीवर लोखंडी जाळी आली. गौरी विसर्जनाला बायका नदीवर जायच्या, तेव्हा मी घरी राहायची. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पाणी ओढतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, असं मला वाटत होतं.

माझे मामा दौंडला असतात. ते रेल्वेत इंजिनावर होते. आता त्या हुद्द्याला लोको पायलट म्हणतात. मामा मात्र स्वतःला ड्रायव्हरच म्हणवून घेतात. आयुष्यभर डिझेलच्या इंजिनात तापलेला हा माणूस पाण्याचा मोठा शौकीन. लहानपणी दौंडच्या भीमेत पोहून ते मोठे झाले. संक्रांतीच्या पहाटे पैज लावून पाण्यात उडी घेत. ‘आता कुठली भीमा?’ ते म्हणतात. ‘वरून मुळामुठा पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन येतीय. त्यात हात धुवायचं मन होत नाही.’ निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी करायच्या ठरवल्या होत्या. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आणि मालवणच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करायचं. पाण्यावर पालथं पडून, तोंडात नळी धरून, काचेतून खालचा तळ पाहायचा, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. या दोन्ही गोष्टींत त्यांना मी सोबत हवी होते.

मामा शिरूरला आले आणि आईला फक्त पहिली गोष्ट सांगितली. आई काही दुधखुळी नाही.

‘अण्णा, किल्ला समुद्रात हाय. तिथं जायचं म्हणजे होडी आली.’

‘होडी आहे ना. होडीत कोण बुडतं?’

आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘पाय भिजवशील तर भिजव. तोंड पाण्याला लावायचं न्हाय.’

गेल्या जानेवारीत मी एसटीनं निघाले. न्हावऱ्यावरून पारगावच्या पुलावर भीमा लागते. खिडकीतल्या बायका नदीला हात जोडतात, तसे मीही जोडले. पुढं चौफुला, पाटस आणि दौंड. रात्रीच्या कोल्हापूरच्या गाडीला तीन दिवसांचा अवकाश होता. एवढे दिवस आधी मला का बोलावलं, ते दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं.

अंगणात मामांनी निळं प्लॅस्टिकचं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं. रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी. आपल्याकडची जानेवारीतली पहाट सांगायला नको. अंगणात उभं राहिलं तरी दात वाजतात. मामांच्या हातात एक काचेचा मुखवटा होता, डोळे नि नाक झाकणारा, आणि एक वाकडी नळी. ते पाहताच माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, ‘मामा, मी आईला शब्द दिलाय.’

‘शब्द कशाचा? तोंड पाण्याला लावायचं नाही याचा. इथं तोंड नळीला लावायचं,’ मामा म्हणाले. मामी दारातून हसली. मला मात्र हसू येईना.

मामांची शिकवणी इंजिनाच्या भाषेत चालते. ते म्हणाले, ‘दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या पाणबुड्या डिझेलवर चालायच्या. डिझेल पेटायला हवा लागते. पाण्याखाली हवा कुठली? मग त्यांनी एक लांब नळी पाण्याच्या वर काढली. तिचं नाव स्नॉर्केल. इंजिन खाली, श्वास वर. तुझंही तेच.’

मी मुखवटा चढवला, नळी दातांत धरली आणि पिंपावर वाकले. कपाळाला पाणी लागलं मात्र, छातीत कुणीतरी आतून ओढल्यासारखा एक जबरदस्त श्वास आला. माझा विचारही न घेता. मी झटक्यानं मान वर काढली. नाकावर काच होती, तोंडात नळी होती, एक थेंबही आत गेला नव्हता. तरीही मी बुडता बुडता वाचल्यासारखी धापा टाकत होते.

‘हे भीतीचं नाही, थंडीचं आहे,’ मामा शांतपणे म्हणाले. ‘आम्ही भीमेत उडी टाकायचो, तेव्हा प्रत्येकाला व्हायचं. थंड पाणी लागलं की पहिला श्वास आपला नसतो. तो पाण्याचा असतो. तो जाऊ द्यायचा. त्याच्याशी भांडायचं नाही. थोड्या वेळानं आपला श्वास परत येतो.’

नंतर मी ग्रंथालयात याविषयी वाचलं. मामांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. थंड पाण्याचा स्पर्श त्वचेला अचानक झाला, की माणूस अनिच्छेनं खोल श्वास ओढतो, मग श्वास भराभर चालू लागतो, हृदयाचे ठोके वाढतात. थंड पाण्यात पडलेली चांगली पोहणारी माणसंसुद्धा पुष्कळदा या पहिल्या मिनिटांतच दगावतात. कारण तो पहिला श्वास पाण्याखाली आला, तर हवेऐवजी पाणीच छातीत जातं. दोनतीन मिनिटं तग धरली, की हा झटका ओसरतो. गंमत अशी, की नुसता चेहरा थंड पाण्यात शांतपणे ठेवला, तर शरीर उलटंही वागतं. हृदयाचे ठोके मंदावतात. सील, देवमासे यांच्यात ही सोय मोठ्या प्रमाणावर असते. आपल्यात ती थोडी उरली आहे.

हे सगळं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच, की मामा मोठ्यानं आकडे मोजत आहेत आणि साठापर्यंत मान वर काढायची नाही. पहिल्या दिवशी मी अकरापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी चाळीसपर्यंत. तिसऱ्या दिवशी साठ झाले, मामा गप्प बसले, तरी मी पिंपाच्या निळ्या तळाकडं बघत राहिले. तळाशी एक शेंगदाण्याचं टरफल पडलं होतं. माझ्या आयुष्यात पाण्याखाली पाहिलेली ती पहिली वस्तू.

कोल्हापूरला गाडी पोचली, तिथून एसटीनं फोंडा घाट उतरलो आणि संध्याकाळी मालवणला आलो. दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली आणि 1667 मध्ये काम पुरं झालं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण प्रत्यक्ष पाहताना मला तटापेक्षा विहिरींनी धरून ठेवलं. चारही बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमच्या मुलखात विहीर खोदून पाणी लागेना म्हणून माणसं देशोधडीला लागतात, आणि इथं समुद्राच्या पोटात गोडं पाणी! विहिरीच्या काठाशी मी ओणवी झाले. मामींनी घाईघाईनं माझा हात धरला. त्यांनाही आईनं काहीतरी बजावलेलं असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर होडी निघाली. रात्री जमिनीवरून समुद्राकडं वाहणारा गार वारा अजून थांबला नव्हता. जेट्टीवर अंगात स्वेटर, होडीत बसल्यावर त्यावर नारिंगी जाकीट. किल्ल्याच्या जवळ खडकाळ, उथळ जागी नांगर टाकला. या भागातलं सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं आहे. खाली प्रवाळ आहेत. होडीवरच्या माणसानं पहिली सूचना दिली ती आमच्या जिवाची नव्हे, त्यांच्या जिवाची: पाय खाली सोडायचे नाहीत, प्रवाळावर उभं राहायचं नाही.

मग त्यानं मुखवट्याच्या काचेवर थुंकून बोटानं चोळायला सांगितलं. मामींनी तोंड वाकडं केलं. पण त्यानं काचेवर वाफ धरत नाही, हे खरं. माझ्या वेणीतून सुटलेली एक बट मुखवट्याच्या रबराखाली आली होती. तीही त्यानं मागं सारायला लावली. तेवढ्या केसाच्या वाटेनंसुद्धा पाणी आत शिरतं म्हणे.

‘घाबरा नको गो बाय, काय होवचा नाय,’ तो म्हणाला. ‘नाकान नको, तोंडान श्वास घे.’

मी शिडीवरून उतरले आणि सगळं विसरले.

पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं आणि दौंडच्या पिंपातला तो परका श्वास दसपटीनं परत आला. मी नळी थुंकून टाकली, शिडी घट्ट धरली. एक लाट आली आणि खारट पाणी थेट घशात. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. मामींनी नंतर सांगितलं. मी ‘दादा’ म्हणून ओरडले होते.

होडीत परत घेतल्यावर मी टॉवेलमध्ये तोंड लपवून बसले. शेजारच्या होडीतली लहान मुलंसुद्धा खिदळत पाण्यात उतरत होती. मला कुणाचा राग आला होता, सांगता येत नाही. मामांचा, समुद्राचा, की माझा स्वतःचा. मामा पाण्यातच होते. साठीचा माणूस पांढऱ्या मिशांवरून पाणी निथळत शिडीला धरून तरंगत होता. ते ‘ये’ म्हणाले नाहीत. ‘नको येऊ’ही म्हणाले नाहीत. ते नुसतं मोजायला लागले. ‘एक... दोन... तीन...’ दौंडच्या अंगणात मोजायचे त्याच सुरात.

चौदापर्यंत आले तेव्हा मी पुन्हा शिडीवर होते. या वेळी छातीपर्यंत उतरून थांबले. तो श्वास आला, त्याला येऊ दिलं. दुसरा आला, तोही जाऊ दिला. हळूहळू पोट सैल झालं. मग हवेच्या गोल ट्यूबला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून मी तोंड पाण्यात घातलं. कानांत समुद्र शिरला. वर मामांचा आवाज बंद झाला. नळीतून माझाच श्वास मला ऐकू येत होता. दूरवर चाललेल्या इंजिनासारखा, एक आत, एक बाहेर. मी डोळे उघडले.

आता काय पाहिलं ते सांगायचं म्हटलं, तर माझ्याजवळ शब्द थोडे आहेत. मी समजत होते पाण्याखाली काळोख असेल. तिथं उजेड होता. तळावर उन्हाच्या रेघांचं जाळं हलत होतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांच्या इतके जवळ आले, की मी हात पुढं केला. पण ते तेवढे जवळ नव्हते. काचेमागच्या हवेतून पाण्यात पाहिलं, की वस्तू आहेत त्याहून जवळ आणि साधारण तिसऱ्या हिश्श्यानं मोठ्या दिसतात. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा बारीक तडतड आवाज सगळीकडून येत होता. छोटे झिंगे नांग्या मिटतात त्याचा तो आवाज, असं होडीवाल्यानं मागाहून सांगितलं. खडकांवर तपकिरी, पिवळट प्रवाळ पसरले होते. एका कपारीत एक जाडजूड मासा तोंड उघडं टाकून आमच्या गावच्या सावकारासारखा बसला होता.

पण मी पाहत राहिले ते मासे नव्हेत. मी खडक पाहत होते.

खडक खालून वर चढत आले होते, खरखरीत, खाचाखळग्यांचे. त्यावर शेवाळ हलत होतं. लाट मला त्यांच्याकडं नेत होती आणि परत आणत होती. कुणी मला खाली ओढत नव्हतं. उलट मी खाली जाईन म्हटलं, तर पाणी जाऊ देत नव्हतं. ते मला खालून वर धरून होतं. अंगातल्या जाकिटाचा त्यात वाटा होता, हे कबूल. पण दादाला तर जाकीट लागत नव्हतं. तो विहिरीत तासन् तास उताणा पडून राहायचा. विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, बांधकामात फटी होत्या, कुठंही हात घातला तरी बोटं अडकायची. त्या तळ्यात काय होतं? चारही बाजूंना काळा, ओला, गुळगुळीत, उतरता कागद. तो तीनदा काठाला आला होता. तीनदा! पाण्यानं त्याला तीनदा काठाला आणून सोडलं होतं. काठानंच त्याला धरू दिलं नाही.

मुखवट्यात पाणी कुठून आलं, ते मला कळेना. बट तर मागं सारली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. होडीवाल्यानं खांद्यावर थाप मारून मला वर बोलावलं, तेव्हा माझे ओठ निळे पडले होते आणि हातांची बोटं सुरकुतली होती. ‘थंडी लागली’ म्हटलं तर तो हसला. त्याला हा समुद्र थंड वाटत नाही. नंतर भूगोलाच्या सरांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं काढून घेतं. म्हणून जी हवा आपल्याला सुखाची वाटते, तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात माणूस कुडकुडतो. त्यांनीच आइसलंडमधल्या सिल्फ्रा या भेगेविषयी वाचायला सांगितलं. तिथं दोन भूखंडांच्या तबकड्या एकमेकींपासून दूर सरकत आहेत. मधल्या फटीत हिमनदीचं, जमिनीतून गाळून आलेलं स्वच्छ पाणी साठलं आहे. त्याचं तापमान वर्षभर 2 ते 4 अंश! तिथं माणसं पाणी आत शिरू न देणारा जाड पोशाख घालून स्नॉर्केलिंग करतात. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर तर बायका नळीसुद्धा न घेता, नुसता श्वास रोखून समुद्राच्या तळावरून शिंपले नि गोगलगाई काढून आणतात. त्यांना हेन्यो म्हणतात. 1970 नंतर रबरी पोशाख आले. त्याआधी सुती कपड्यांवर हिवाळ्यातसुद्धा त्या बुडी घेत. 2016 साली युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आजही त्यांतल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. वर आल्यावर त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात म्हणे. आमच्या गावात तात्या विहिरीवर दारं धरत होते आणि मी बांधावर चपला धरून उभी होते, त्याच साली तिकडं माझ्या आजीच्या वयाच्या बायका थंड समुद्रात उतरत होत्या. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

घरी आल्यावर खोटं बोलायचं नाही, हे मी फोंडा घाटातच ठरवलं होतं. आई चुलीपुढं होती. मी म्हटलं, ‘आई, मी शब्द मोडला. तोंड पाण्यात घातलं.’

आई काही बोलली नाही. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, काढली. मला वाटलं, आता कधीच बोलणार नाही. मग तिनं हळूच विचारलं, ‘खाली काय व्हतं?’

आठ वर्षांत आमच्या घरात तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

मी मासे सांगितले नाहीत, प्रवाळ सांगितले नाहीत. ‘खडक होते, आई,’ मी म्हटलं. ‘धरायला खडक होते. आपल्या तळ्यात दादाला धरायला काही नव्हतं. पाण्यानं नाही ओढला त्याला.’

आईनं पदरानं डोळे पुसले. चुलीचा धूर होताच. तात्या ओसरीवर ऐकत बसले होते. ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले, तर तात्या आणि चुलते तळ्यावर होते. मोटारीच्या जुन्या दोराला हातहात अंतरावर गाठी मारून त्यांनी चारही बाजूंनी तळ्यात दोर सोडले होते, वरच्या टोकाला बांधावर लोखंडी खुंट्या ठोकून. एका कोपऱ्यात ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब दोरीनं बांधून पाण्यावर सोडली होती. चुलते पाण्यात उतरलेले नव्हते; त्यांच्यानं ते होत नाही. ते एक गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते, सुटते की काय म्हणून. आम्ही तिघांपैकी कुणीच बोललो नाही. सगळा खर्च एका दिवसाच्या मजुरीएवढाही नव्हता. एवढीशी गोष्ट आठ वर्षं सुचली नाही. कारण पाणी ओढतं म्हटल्यावर दोर कशासाठी बांधायचा?

त्यानंतर मी नि माझी एक मैत्रीण आमच्या वाडीवरच्या तळ्यांवरून फिरलो. काहींनी दोर बांधले. काहींनी ‘पोरी, तू अभ्यास कर’ म्हणून वाटेला लावलं. पुन्हा जाणार आहोत. या अंकाच्या वाचकांत निम्म्याहून अधिक जण शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. तुमच्या तळ्यात दोर आहे का, एवढं सुट्टीत घरी गेल्यावर पाहा. कुंपण असेल तर उत्तमच. पण पडलेल्या माणसाला कुंपण धरता येत नाही, दोर धरता येतो.

मला अजून पोहता येत नाही. समुद्रात जाकीट होतं, ट्यूब होती, मामांचे आकडे होते. स्नॉर्केलिंग म्हणजे पोहणं नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून या उन्हाळ्यात विहिरीवरची जाळी काढून घेतली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी रोज सकाळी पायऱ्यांवरून उतरते. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तात्यांच्या हातात. पहिला श्वास अजूनही माझा नसतो. तो जाऊ देते. मग मोजते.

आई विहिरीकडं येत नव्हती. गेल्या आठवड्यात आली. कठड्यापासून दोन हात लांब, कडुलिंबाच्या सावलीत बसली. मी तोंड पाण्यातून वर काढून पाहिलं, तर तिच्या मांडीवर माझ्या चपला होत्या.